पंधरा सेकंदांच्या आत

मी ज्या शाळेत सव्वीस वर्षे संस्कृत शिकविले, तिथल्या मुलांना माझ्या येण्याची वर्दी माझी मोटारसायकल देत असे. ती जुन्या धाटणीची दोन-स्ट्रोक गाडी होती. क्रांती चौकातून वळण घेऊन ती शाळेच्या रस्त्याला लागली की तिचा तो कोरडा, टणत्कारासारखा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत पोहोचत असे, आणि मी फाटकातून आत येईपर्यंत मुले जागेवर बसून शब्दरूपांची वही उघडून तयार असत. एकच मुलगा जागेवर बसत नसे. तो खिडकीशी उभा राहून मी गाडी लिंबाखाली कशी लावतो, पेट्रोलची कळ कशी बंद करतो, हे मन लावून पाहत असे. त्याला संस्कृत आले नाही. पुढे तो गाड्यांचा मिस्त्री झाला, आणि या आठवणीत तो पुन्हा येणार आहे.

त्या गाडीवर आमचा संसार फिरला. पिशोर माझे गाव. सणावाराला आम्ही पतिपत्नी तिच्यावरूनच जात असू. मागच्या कॅरिअरला पिशवी बांधलेली, तिच्यापुढे एका बाजूला पाय सोडून बसलेली माझी पत्नी, आणि तिच्या मांडीवर डबा. चढावर इंजिन तापले की गाडी आपण होऊन थांबे. मग मी तिला बाभळीच्या सावलीत उभी करीत असे. पत्नी डब्यातला लाडू पुढे करी आणि म्हणे, "तुमच्यापेक्षा हिलाच विश्रांतीची जास्त समज आहे." एकदा सूर्यास्ताच्या सुमारास ती अशीच थांबली, तेव्हा मी तांब्यातले पाणी घेऊन रस्त्याच्या कडेलाच सायंसंध्या उरकली होती. जळालेल्या तेलाचा तो गोडसर वास त्या संध्येला कायमचा चिकटला आहे. पेट्रोल पंपावर आजही एखादी जुनी गाडी तो वास सोडून गेली की माझा हात नकळत आचमनासाठी वळतो.

निवृत्तीनंतर गुडघ्यांनी किक मारण्यास नकार दिला. गाडी जिन्याखाली गेली. तिच्यावर जुनी चादर आली. दसऱ्याला मात्र मी चादर काढून तिला पुसत असे, गंध लावीत असे, झेंडूचा हार घालीत असे. चालत नसली म्हणून तिचे वाहनपण जात नाही, अशी माझी समजूत.

आमची नात पॉलिटेक्निकमध्ये शिकून चितेगावच्या एका कारखान्यात कामाला लागली. तिथे ती यंत्राचे सुटे भाग मोजून पाहण्याचे काम करते. केसाच्या जाडीइतका फरक असला तरी भाग बाजूला काढते. एका रविवारी मी देवपूजेला बसलो असता ती येऊन शेजारी बसली. आरती होईपर्यंत बोलली नाही. तीर्थ घेतले, हात डोक्यावरून फिरविला, आणि म्हणाली,

"आबा, जिन्याखालची गाडी मला द्याल का?"

"चालवायला? अगं, ती सुरू तरी होईल का?"

"चालवायला नाही, पळवायला."

मग तिने मला समजावून सांगितले. सरळ रस्त्याचा चारशे मीटरचा तुकडा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. दिवा हिरवा झाला की दोन्ही सुटायच्या. वळण नाही, चढ नाही, परत फिरणे नाही. शेवटच्या रेषेवर घड्याळ वेळ दाखविते.

"आणि मग?" मी विचारले.

"मग काय? संपलं."

"एवढेच?"

"एवढंच, आबा. पंधरा सेकंद."

स्वयंपाकघरातून तिच्या आजीचा आवाज आला, "पंधरा सेकंदांसाठी एवढी उठाठेव? माझी मोहरीसुद्धा तडतडायला त्याहून जास्त वेळ घेते!"

मला हसू आले, तरी त्याच क्षणी मला माझे चुलते आठवले. माझ्या लहानपणी पिशोरच्या शिवारात शंकरपट भरत असे. बैलांची जोडी, हलकी धाव-गाडी, नांगरून सपाट केलेली सरळ वाट, आणि टोकाला निशाण. तीही शर्यत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपत असे. त्या चार-दोन क्षणांसाठी चुलते वर्षभर खोंडांना कणकेचे गोळे, तूप, दूध चारीत. चुलती भाकरी थापता थापता म्हणे, "या घरात माणसापरीस बैल होऊन जन्माला याया पाह्यजे व्हतं." चुलते ऐकून न ऐकल्यासारखे करीत आणि खोंडाच्या पाठीवरून हात फिरवीत राहत. त्यांच्या त्या हातात जी माया होती, ती मी घरातल्या कोणाच्या वाट्याला आलेली पाहिली नाही. त्यामुळे नातीला मी हसून वाटेला लावू शकलो नाही.

माझा मुलगा, म्हणजे तिचे वडील, मात्र घाबरला. बायपासवर पहाटे पोरे गाड्या पळवितात आणि त्यातली काही हातपाय मोडून घेतात, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. नातीने त्याला समजावले की ही शर्यत रस्त्यावर नसते. परवानगी असते, रुग्णवाहिका असते, अंगात चामड्याचा पोशाख असल्याशिवाय रेषेवर उभे राहू देत नाहीत. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला,

"एकदा. फक्त एकच दिवस. त्यात किती वेळा पळवता येते?"

"दोनदा, पप्पा. दोन खेपा."

"आणि चांगलं कशाला म्हणायचं?"

"पंधरा सेकंदांच्या आत आलं की पुढच्या मोठ्या शर्यतीला बोलावतात."

"मग दोन खेपांत पंधराच्या आत आलीस तर पुढं चालू. नाही आलीस तर गाडी विकायची आणि हे खूळ सोडायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि भाताचा पुढचा घास घेतला. त्या क्षणापासून पुढचे आठ महिने आमच्या घरात पंधरा हा आकडा सहज उच्चारला गेला नाही. दिनदर्शिकेतली पंधरा तारीखसुद्धा पत्नी जपून सांगत असे.

गाडी मिस्त्रीकडे गेली. तोच, खिडकीतला विद्यार्थी. त्याचे दुकान क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आहेत, पण मला पाहिले की तो अजून हातातला पाना खाली ठेवतो. नात त्याला उस्ताद म्हणते. दर रविवारी ती तिथे जाई, आणि मीही जात असे. माझ्यासाठी एक स्टूल राखून ठेवलेले होते. त्यावर बसून मी जपमाळ ओढीत असे, पण लक्ष गाडीकडे असे, हे कबूल केलेले बरे.

पहिल्या रविवारी गाडीचे अंग उतरविण्यात आले. दिवा गेला, मडगार्ड गेले, लांब सीट गेली. तिच्या जागी हाताच्या पंजाएवढी गादी आली. वजन कमी करायचे होते. मिस्त्रीने कॅरिअरचे नट सोडविले आणि ते हातात धरून माझ्याकडे वळला.

"सर, इसकू भंगार में नक्को डालते. मॅडमकी पिशवी इसकूच बांधते थे ना तुम?"

मी कॅरिअर घरी आणले. पत्नीने त्यावर गवती चहाची कुंडी ठेवली.

या छंदाची किंमत काय असते, ते मी त्या स्टुलावर बसून पाहिले. नातीने स्वतःची स्कूटर विकली आणि कारखान्याच्या बसने जाऊ-येऊ लागली. नवे पिस्टन आले, ते तापून चिकटले, पुन्हा दुसरे आले. मागच्या चाकाचे मऊ रबर थोड्याच धावांत झिजून जाते हे कळल्यावर मी तिला विचारले, की मग टिकाऊ का घेत नाहीस? ती म्हणाली, "टिकाऊ घेतलं तर धरत नाही, आबा. जे धरतं ते झिजतंच." मैत्रिणींच्या लग्नांना ती गेली नाही. तिच्या नखांतले काळे निघेना, तेव्हा आजी तिच्या हातांना लिंबाची फोड चोळीत बसे आणि "हळद लागताना नवऱ्याकडचे विचारतील, मुलगी मिस्त्री आहे का," असे म्हणे. "हो म्हण," नात सांगे.

आणि ओढ काय असते, तेही पाहिले. उस्ताद आणि ती पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या एका स्क्रूवरून तासभर भांडत. तो कानाने ठरवी, ती मोजून ठरवी.

"उस्ताद, तुमचा कान पन्नाशीला आला."

"और तेरा मीटर कल का बच्चा है. चुप बैठ, सुन."

मग दोघे इंजिनाशी कान नेऊन स्तब्ध उभे राहत. ते पाहताना मला माझे गुरुजी आठवत. ते आम्हा विद्यार्थ्यांकडून एकच स्वर वीस वेळा म्हणवून घेत, आणि एकविसाव्या वेळी तो जागेवर लागला की डोळे मिटून क्षणभर थांबत. मिस्त्रीच्या दुकानात ती शांतता मला पुष्कळ वर्षांनी पुन्हा भेटली. ज्या मुलांना आपण बेफिकीर म्हणतो, ती काही तरी इतक्या काटेकोरपणे करीत असतात, हे मला कोणी सांगून पटले नसते.

शर्यतीचा दिवस हिवाळ्यातला रविवार होता. मुहूर्त मी स्वतः पाहिला. सकाळी दारात गाडीची यथासांग पूजा केली. पाण्याने प्रोक्षण केले, गंध, फूल, कुंकवात भिजविलेल्या अक्षता वाहिल्या, नारळ फोडला. पूजेला आरंभ करणार तोच मिस्त्री म्हणाला, "एक मिनट, सर," आणि त्याने एक स्वच्छ कापड घेऊन कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात बोळा कोंबला. मी त्याला कारण विचारले नाही. कामाच्या पद्धती ज्याच्या त्याच्या असतात, असे मानून मी मंत्र सुरू केले. उरलेल्या अक्षता पुडीत बांधून खिशात ठेवल्या.

चितेगावच्या पुढे एका खासगी जागेत डांबराचा सरळ पट्टा होता. आम्ही टेम्पोतून गाडी नेली. तिथे शे-दीडशे पोरे, तितकाच धूर, आणि प्रत्येक गाडीभोवती गुडघ्यावर बसलेले दोघे-तिघे. माझे धोतर पाहून एकाने खुर्ची आणून दिली.

"बाबा, तुमचा पोरगा कोणत्या नंबरचा?"

"पोरगी आहे. नात."

"आयला! लई भारी. ए, खुर्ची सावलीत लाव की बाबाची!"

तो कन्नडकडचा होता. त्याच्या गाडीचे इंजिन आदल्या दिवशी फुटले होते, तरी तो आला होता. मी विचारले, "गाडीच नाही, तर मग आलास कशाला?" तो म्हणाला, "घरी बसून करमंना म्हणून."

नातीचा क्रमांक पुकारला गेला. चामड्याच्या भाड्याच्या पोशाखात आणि हेल्मेटात ती मला ओळखू येईना. मिस्त्रीने बोळा काढला, इंजिन सुरू केले, आणि तो मागच्या चाकाची हवा पाहण्यासाठी वाकला. ती रेषेकडे निघाली. त्या क्षणी मला काय वाटले ते नीट सांगता येणार नाही. घरातली मुलगी काहीतरी ओलांडून पलीकडे चालली आहे, अशा वेळी आमचे हात रिकामे राहत नाहीत. मंगलाष्टके संपताना ज्या वेगाने हात वर जातो, त्याच वेगाने माझा हात खिशातून वर गेला, आणि स्वस्तिवचन म्हणत मी मूठभर अक्षता तिच्यावर आणि गाडीवर टाकल्या. टाकीवर त्या तडतडल्या. तिने मान वळवून अंगठा वर केला.

हिरवा दिवा लागला. शेजारची गाडी सुटली. आमची वीस-पंचवीस पावले जोरात गेली, आणि मग तिचा घसा दाटला. भक-भक असा आवाज, मागे काळसर धूर, आणि वेग वाढेचना. पट्ट्याच्या कडेची पोरे ओरडू लागली, "ए रिक्षा आली, रिक्षा! शेअर आहे का?" फलकावर आकडा आला तो एकोणीसच्या पुढचा होता.

ती परत आली. हेल्मेट काढले तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"उस्ताद, काल कार्बोरेटर साफ केला म्हणाला होतात ना?"

"किया था, बेटा."

"मग हे काय? तिला श्वासच घेता येत नव्हता!"

मिस्त्री खाली बसला. त्याने बारीक तार घेतली, कार्बोरेटरच्या तोंडापाशी हवेसाठी जे सुईच्या नेढ्याहून थोडे मोठे छिद्र असते त्यात घातली, आणि काहीतरी ओढून काढले. ते त्याने तळहातावर घेऊन पाहिले. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि मूठ मिटली.

"कचरा था," तो म्हणाला. "मेरी गलती. कपडा जल्दी निकाल दिया मैंने."

"तुमची गलती? माझ्या दोनांतली एक खेप गेली, उस्ताद! आठ महिने! एका कचऱ्यापायी? एवढं एकच काम होतं तुमच्याकडं, ते कापड!"

"हौ बेटा. सही बात है."

तो मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या बोटांच्या फटीतून मला कुंकवाचा लाल रंग दिसला होता. सकाळच्या कापडाच्या बोळ्याचा अर्थ मला तेव्हा कळला. नात बोलत राहिली, आणि तिचे शब्द जसे लागायचे तसे त्याला लागत राहिले. तेवढा सर्व वेळ मी गप्प होतो, हे इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. ज्या शिष्याला मी कधी दहाच्या वर गुण दिले नाहीत, तो माझ्या वतीने शिक्षा भोगीत होता, आणि मी खुर्चीवर बसून ती भोगू देत होतो. तो वेळ एका धावेइतकाच असेल. पण माझ्या हिशेबी तो फार मोठा आहे.

शेवटी मी उठलो.

"तो कचरा नव्हता," मी म्हणालो. "माझ्या अक्षता होत्या."

"जाने दो ना, सर," मिस्त्री हळूच म्हणाला.

"मूठ उघड."

त्याने उघडली. तांदळाचा एक दाणा, लाल, एका टोकाला छिद्राच्या मापाने चेपलेला.

नात त्या दाण्याकडे पाहत राहिली. "चालू गाडीवर टाकल्या, आबा?"

"हो."

"तिला फिल्टर नसतो. समोर येईल ते ओढून घेते ती!"

"मला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यायला हवे होते. सकाळी याने बोळा घातला तेव्हाच विचारायला हवे होते."

ती शेजारच्या टायरवर बसली. डोळ्यांत पाणी आले होते, ते तिने चामड्याच्या बाहीने पुसण्याचा प्रयत्न केला, पण चामडे पाणी टिपत नाही. मग ती मिस्त्रीकडे वळली.

"उस्ताद, लई बोलले मी तुम्हाला."

"कुछ नहीं बोली. मेरी अम्मी का बोलना सुनेगी ना, तो तेरेकू लगेगा तू आरती गा रही थी."

ती हसली, रडता रडता हसली, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आबा, दुसऱ्या खेपेला तुम्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. आशीर्वाद फक्त तोंडानं. तोही लांबून."

कन्नडचा तो मुलगा सगळे ऐकत होता. "मी धरतो बाबाचे हात," तो म्हणाला, आणि खरोखरच माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

दुसरी खेप दुपारी होती. या वेळी ती सुटली तेव्हा आवाज एका रेषेत वर चढत गेला. मी डोळे मिटले, कारण पाहण्यापेक्षा मला ऐकायचे होते. हा माझ्याच गाडीचा आवाज होता, पण तो मी कधी ऐकलेला नव्हता. सव्वीस वर्षे मी तिला शाळेत नेले, पिशोरला नेले, बाजाराला नेले. तिच्या अंगात हे होते, आणि मी ते कधी मागितले नव्हते. त्या काही क्षणांत मला भीती वाटली नाही, वय आठवले नाही, देवही आठवला नाही, आणि हे आठवले नाही याचा खेदही झाला नाही. पोरे कशासाठी स्कूटर विकतात, ते मला समजले.

मी डोळे उघडले तेव्हा फलकावर १५.२१ असा आकडा होता.

ती गाडी ढकलीत परत आली. मिस्त्रीने इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाला, "पूरा दिया इसने. आज इसके पास इससे ज्यादा नहीं था." तिने मान हलविली.

घरी पोहोचल्यावर मी हातपाय धुतले आणि मुलाला समोर बसविले. जे घडले ते क्रमाने सांगितले. एक खेप माझ्यामुळे गेली, म्हणून तिला आणखी एक दिवस मिळावा, अशी विनंती केली. वडिलांनी मुलाला करावी अशी ती विनंती नव्हती, पण मी केली.

तो म्हणाला, "आबा, तुम्ही तिला वाचवायला सांगताय हे."

"मी खोटे बोलतो आहे?"

"तसं नाही म्हणत मी. पण नातीसाठी..."

"अरे, खरंच आहे ते," पत्नी मध्येच म्हणाली. "पुडी बांधताना मीच बजावलं होतं, मुलीच्या अंगावर टाकायला विसरू नका. बापाच्या हातून काही बिघडतं हेच तुला पटेना. माझ्या संसारात ये म्हणजे पटेल."

तो हसला. त्याने खांदे सैल सोडले. "बरं. मग ती खेप धरायची नाही. पुन्हा एक दिवस देतो तिला."

नात दारात उभी होती. केस अजून हेल्मेटाने चपटलेले.

"नको, पप्पा."

"का गं?"

"दुसऱ्या खेपेत तांदूळ नव्हता. ती स्वच्छ गेली. पंधरा पॉइंट एकवीस."

"पण पहिली नीट झाली असती तर," मी म्हणालो, "तुला अंदाज आला असता. चूक माझी होती, तिचा दंड तू का भरावा?"

"पहिली तुमची होती, आबा. दुसरी माझी. तिसरा गिअर मी उशिरा टाकला. मला तेव्हाच कळलं होतं." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "दोन खेपा म्हटलं होतं. कबूल म्हटलं होतं मी."

तिच्या वडिलांनी पुन्हा आग्रह केला नाही. मला वाटते, त्याला तो करवला नाही. त्याने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेला. मी वर्गात वर्षानुवर्षे वचनाविषयी बोलत आलो. ते पाळणारे कोणी घरात दिसले, तेव्हा मात्र तिने ते मोडावे असे मला मनापासून वाटत होते. अजूनही वाटते.

पंधरवड्यानंतर गाडी घेण्यासाठी तोच कन्नडचा मुलगा आला, पिकअप घेऊन, वडिलांसह. वडील खाली उतरलेसुद्धा नाहीत, खिडकीतून म्हणाले, "घ्या एकदाचं ते भूत, अन् चला. डेअरीला दूध घालायचंय." मुलाने पुढे येऊन मला नमस्कार केला आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ताई, पंधराच्या आत येईल का ही?"

"येईल," नात म्हणाली. "तिसरा लवकर टाका. मी उशीर केला होता."

तिने आपण होऊन हे सांगितले. मी तिच्याकडे पाहिले. तिचे लक्ष माझ्याकडे नव्हते.

मुलाने किक मारली. गल्ली त्या आवाजाने भरली, शेजारणी गॅलरीत आल्या. तो गाडी फळीवरून पिकअपमध्ये चढविणार, इतक्यात नात म्हणाली, "थांबा." ती गुडघ्यावर बसली, कान इंजिनाशी नेला, खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि कार्बोरेटरचा स्क्रू किंचित, पाव आट्याहूनही कमी, फिरविला. पुन्हा ऐकले. पुन्हा किंचित मागे घेतला. मुलाच्या वडिलांनी दोनदा हॉर्न वाजविला, पण ती उठली नाही. आवाज जागेवर लागला तेव्हा तिने डोळे मिटले. मग उभी राहिली, गुडघे झटकले आणि त्याला म्हणाली,

"आता न्या."